कुरडईचा संदर्भ

“ही चौदा नंबरची बाई कोण?” हरकरे मॅडमनी विचारलं.

त्यांच्यासमोर माझ्या लघुप्रबंधाची संदर्भसूची होती, हातात लाल पेन्सिल होती आणि पेन्सिलीचं टोक चौदाव्या ओळीवर येऊन थांबलं होतं. आधीच्या तेरा ओळी बिनबोभाट पार पडल्या होत्या. त्यांच्यात लेखक होते, साल होतं, प्रकाशक होते, पान नंबर होते.

“आपल्या तुळसाबाई, मॅडम.”

“प्रयोगशाळेतल्या तुळसाबाई?”

मी मान डोलावली. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या चष्मा काढायच्या तेव्हा समोरच्याचं काही खरं नसायचं.

“वैजयंती, त्या संदर्भ नाहीत. त्या मावशी आहेत.”

आणि त्यांनी त्या ओळीवर रेघ मारली. पट्टी लावून मारली. खोडायची रेघसुद्धा वाकडी गेलेली त्यांना चालत नसे.

ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. अमरावतीच्या एका कॉलेजात मी गृहअर्थशास्त्रात एम. ए. करत होते आणि हरकरे मॅडम माझ्या मार्गदर्शक होत्या. लघुप्रबंधाचा विषय होता वाळवणं, म्हणजे आपले पापड, कुरड्या, वड्या, आणि ती टिकवायची कशी. घरी नुसता हशा. बाबा म्हणायचे, आजवर पोरी कुरड्या शिकून सासरी जायच्या, आमची कुरड्यांत एम. ए. होऊन जाणार. हसेनात का. मॅडमनी सांगून ठेवलं होतं की प्रबंधाला पहिला वर्ग मिळाला तर जूनपासून विभागात शिकवायला मला घ्या, अशी शिफारस त्या स्वतः करतील. मी तर मनातल्या मनात हजेरीपटसुद्धा घेऊन बसले होते. प्रबंध पंचवीस मार्चपर्यंत द्यायचा होता, आणि मॅडमच्या सहीशिवाय तो कोणी हातात धरणार नव्हतं.

आता तुळसाबाई त्यात कुठून आल्या ते सांगते. आधीच्या मे महिन्यात मी कॉलेजच्या गच्चीवर प्रयोगासाठी कुरड्या घातल्या. गहू तीन दिवस भिजवला, वाटला, चीक काढला, शिजवला, साच्यातून पाडल्या, सगळं पुस्तकाबरहुकूम. पण अमरावतीचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे काही विचारू नका. दोन तासांत कुरड्या वरून खणखणीत, आणि डब्यात भरायला घेतल्या की हातातच चुरा. तीनदा घातल्या, तीनदा चुरा. चौथ्यांदा मी गच्चीच्या कठड्याशी बसून चक्क रडत होते, तेवढ्यात तुळसाबाई गावंडे झाडू घेऊन वर आल्या. त्या आमच्या प्रयोगशाळेत परिचर होत्या. वय पंचेचाळीसच्या पुढेमागे, अंगानं बारीक, कामाला वाघीण. त्यांनी कुरड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता खाली गेल्या. येताना स्वतःचं एक जुनं विटकं लुगडं घेऊन आल्या. चार स्टुलं उलटी केली, त्यांच्या पायांना लुगड्याची टोकं बांधली आणि कुरड्यांवर हातभर उंचीवर ते ताणून दिलं.

“पयलं ऊन गाळून द्या लागते पोरी,” त्या म्हणाल्या. “दोन घंटे लुगड्यातून, मंग उघडं. एकदम तापली तं वरून वाळते अन् आतून ओली राह्यते. मंग फुटते.”

मी दोन्ही प्रकारच्या शंभर-शंभर कुरड्या घातल्या, डब्यांत भरल्या, महिन्याभरानं मोजल्या. उघड्या उन्हातल्या एकतीस तुटल्या होत्या आणि लुगड्याखालच्या सहा. माझ्या प्रबंधातला सातवा तक्ता तो हाच. खरं सांगायचं तर अख्ख्या प्रबंधात जीव होता तो तेवढ्या तक्त्यात. बाकी सगळं इकडून तिकडून गोळा केलेलं, फक्त पान नंबरांसकट.

मॅडमचं म्हणणं अगदी सरळ होतं. ज्याला छापील पान नाही तो संदर्भ नाही. उद्या कोणी तपासायला निघालं तर त्यानं काय तुळसाबाईंच्या घरी जायचं का? त्यापेक्षा ‘संशोधिकेने विकसित केलेली पद्धत’ असं लिही. प्रयोग तुझा, तक्ता तुझा. मावशींना आभारात घाल, हवं तर टायपिस्टच्या आधी घाल.

हे वाक्य मी एकदा वापरून चुकले होते. जानेवारीत कॉलेजात परिसंवाद झाला होता. त्यात मी सातवा तक्ता दाखवला आणि ऐटीत म्हणाले, “ही पद्धत मी विकसित केली.” टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर माझं दाराकडे लक्ष गेलं तर तुळसाबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या. कान लाल होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. त्या ट्रे घेऊन माझ्यापाशी आल्या, म्हणाल्या, लय चांगली बोलली पोरी, आणि माझ्या बशीत एक बिस्कीट जास्त ठेवलं. त्या चिडल्या असत्या तर मी सुटले असते. ते बिस्कीट काही मला गिळता आलं नाही. मग संदर्भसूची करायला बसले तेव्हा चौदाव्या ओळीत त्यांचं नाव घातलं, आणि आता त्यावर लाल रेघ होती.

“मॅडम, छापलेलं असेल तर चालेल?” मी विचारलं.

“छापलेलं असेल तर कोणाचंही चालेल.”

झालं. माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. तेव्हा आमच्याकडे ‘लोकपहाट’ नावाचं दैनिक यायचं. त्याच्या गुरुवारच्या महिला पुरवणीत वाचकांनी पाठवलेल्या घरगुती युक्त्या छापायचे. मुंग्या घालवायच्या कशा, पितळ चकचकीत कसं करायचं, असलं सगळं. त्यात तुळसाबाईंची युक्ती छापून आणायची आणि मग झोकात संदर्भ द्यायचा, पान नंबर घालून! मी पोस्टकार्ड घेऊन प्रयोगशाळेत गेले.

तुळसाबाईंना पटवायला मला मधल्या सुट्टीचा सगळा वेळ लागला. पहिली अडचण लुगड्याची. आपलं लुगडं गच्चीवर टांगलं होतं हे साऱ्या अमरावतीला कशाला सांगायचं, धोतर लिही म्हणाल्या. मी म्हटलं मावशी, प्रयोग लुगड्यावर झालाय, धोतर लिहिलं तर खोटं होईल. हे त्यांना एकदम पटलं. मग दुसरी अडचण.

“पन हे माह्यं थोडीच हाय,” त्या म्हणाल्या. “मले माह्या नंदेनं शिकवलं, वच्छलानं. तिचं नाव टाक.”

म्हणजे घ्या! विद्यापीठाला एक नाव चालेना आणि ह्यांनी दुसरं पुढे केलं. पण त्या अडूनच बसल्या, वच्छलाचं नाव नाही तर मजकूरही नाही. शेवटी त्यांनी सांगितलं तसं मी शब्दाला शब्द लिहून घेतलं. पोस्टकार्ड ते केवढं, दोघींची नावं लिहायला शेवटी जागाच उरली नाही. ती मी समासात आडवी लिहिली. कात्रण घरी यावं म्हणून पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव आणि पत्ता टाकला, आणि पेटीत टाकून मोकळी झाले.

पुढचे तीन गुरुवार मी सकाळी बाबांच्या आधी पेपरवर झडप घालत होते. काही नाही. चौथ्या गुरुवारी आलं. चौकट होती, मथळा होता, ‘कुरड्या तुटू नयेत म्हणून’. मजकूर निम्मा कापलेला. खाली ठळक अक्षरांत नाव होतं, सौ. वैजयंती भुयार, अमरावती.

समासातली दोन्ही नावं त्यांनी सोडून दिली होती आणि पाठवणारीलाच लेखिका करून टाकलं होतं. वर ‘सौ.’ त्यांच्या हिशेबी कुरड्या घालणारी बाई लग्नाचीच असणार. संध्याकाळपर्यंत आमच्या घरी तीन नातेवाईक येऊन गेले. पोरीचं लग्न परस्पर उरकलं आणि आम्हाला साधी पत्रिका नाही म्हणून मोठी आत्या बाबांवर रुसली, ती पुढे आठ दिवस बोलली नाही. आई कपाळाला हात लावून बसली होती. बाबा मात्र जाम खूश. प्रत्येकाला पेपर दाखवून विचारायचे, जावई कुठे काय करतात काही छापलंय का बघा जरा.

दुसऱ्या दिवशी मी ‘लोकपहाट’च्या कचेरीत गेले. पुरवणी बघणारे गृहस्थ भले होते. खुर्ची दिली, ऐकून घेतलं, फार वाईट वाटलं म्हणाले, दुरुस्ती नक्की छापतो म्हणाले. मी त्यांना कागदावर दोन्ही नावं लिहून दिली. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. पुढच्या गुरुवारी दुरुस्ती आली. ‘गेल्या अंकातील कुरड्यांविषयीच्या मजकुरात सौ. वैजयंती भुयार असे छापले गेले. ते कु. वैजयंती भुयार असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’

आत्याचा रुसवा गेला. माझं मात्र भलतंच होऊन बसलं. हरकरे मॅडमनी दोन्ही कात्रणं शेजारी शेजारी मांडली. बाहेर तुळसाबाई चहा करत होत्या, स्टोव्हचा आवाज येत होता. प्रबंध द्यायला आठ दिवस राहिले होते.

“आता दोन दोन छापील पुरावे आहेत,” मॅडम म्हणाल्या. “भुयार, वैजयंती. लोकपहाट, महिला पुरवणी, पान तीन. तूच तुझा संदर्भ दे आणि मोकळी हो.”

“पण ते खरं नाही, मॅडम.”

“छापलेलं आहे.”

मला काय झालं कोणास ठाऊक. मी आयुष्यात कधी शिक्षकांना उलटून बोलले नव्हते. मी म्हणाले, “मग मी प्रबंध देत नाही.”

बोलून गेले. पहिला वर्ग, नोकरी, हजेरीपट, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मॅडमनी चष्मा काढला. तेवढ्यात तुळसाबाई चहा घेऊन आत आल्या.

मॅडमनी त्यांनाच विचारलं. “तुळसाबाई, ह्या कुरड्यांच्या पद्धतीला हिचं नाव राहिलं तर तुमची काही हरकत आहे का?”

“माही काय हरकत राह्यते मॅडम. पोरीचं भलं होऊन राह्यलं.” त्यांनी कप ठेवले, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. “पन वच्छलाचं नाव कापलं त्याहीनं, ते काही बरं नाही केलं. आता पयली कुरडई घालतानी मी काय म्हनू?”

“म्हणजे?”

“आमच्या घरी पयली कुरडई शिकवनारीच्या नावानं घालतात. ‘ही वच्छलाची’ म्हनाचं, अन् मंग दुसरी घालाची. तीस साल झाले, चुकलं नाही कधी.”

“आणि नाव नाही घेतलं तर काय होतं?”

मॅडमनी हे खरोखर विचारलं होतं, थट्टेनं नाही. तुळसाबाईंनी जरा विचार केला.

“काई नाही होत. वाळते तशीच वाळते,” त्या म्हणाल्या. “पन मंग खातानी घास फिरते तोंडात.”

मला ते बिस्कीट आठवलं आणि माझ्या तोंडून भडाभडा सगळं बाहेर पडलं. परिसंवाद, टाळ्या, ‘मी विकसित केली’, दारातला ट्रे. मी रडत होते की बोलत होते ते मलाच कळत नव्हतं. तुळसाबाई आपल्या म्हणत होत्या, जाऊ दे माय, जाऊ दे.

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मी त्यांना पहिल्यांदाच रागावता रागावता चष्मा घालताना पाहत होते. त्यांनी ड्रॉवरमधून कोरा कागद काढला, पट्टी काढली, पेन उघडलं.

“वच्छलाबाई. आडनाव?”

“अढाऊ,” तुळसाबाई म्हणाल्या. “दर्यापूरच्या पुढं दिली तिले.”

“आणि त्यांना कोणी शिकवलं?”

“ते तिलेच ठाव.”

“मग तू जा आणि विचारून ये,” मॅडम मला म्हणाल्या. “अर्धवट संदर्भ माझ्या विभागातून बाहेर जाणार नाही.”

“पण मॅडम, छापलेलं…”

“न छापलेला संदर्भ कसा लिहायचा, त्याचा नमुना मी तयार करते. तू नावं आण.”

रविवारी मी आणि तुळसाबाई सकाळच्या एसटीनं दर्यापूरला गेलो आणि तिथून दुसऱ्या गाडीनं वच्छलाबाईंच्या गावी. तुळसाबाई रस्ताभर नणंदेविषयी बोलत होत्या. त्यांचं लग्न झालं तेव्हा वच्छला घरात होती, दोघी एका वयाच्या, पंधरा-सोळाच्या. दोन-अडीच वर्षं सोबत काढली. विहिरीवर सोबत, शेतात सोबत, मार खाल्ला तोही सोबत. मग वच्छलाचं लग्न झालं, आणि तेव्हापासून लग्नाकार्यात भेट व्हायची तेवढीच. गर्दीच्या घरात, हाताला काम असताना.

वच्छलाबाई अंगणातच भेटल्या. उंच, रुंद हाडाच्या, आवाज असा की शेजारचं कुत्रं उठून गेलं. भावजयीला बघून त्यांनी आधी दोन शिव्या घातल्या, दोन वर्षांत तोंड दाखवलं नाही म्हणून, आणि मग गळ्यात पडल्या. सुनेनं चहा आणला. मी वही उघडली आणि विचारलं, मावशी, पहिलं ऊन लुगड्यातून द्यायचं हे तुम्हाला कोणी शिकवलं?

“मले? मले हिनंच शिकवलं,” वच्छलाबाई म्हणाल्या. “तुळसानं.”

मला वाटलं त्या गंमत करताहेत. तुळसाबाईंनाही तेच वाटलं असावं.

“खोटं नको बोलू वच्छे,” त्या म्हणाल्या. “मी तं तुह्यं पाहून शिकली.”

“मी काहून खोटं बोलू? दर साली पयली कुरडई ‘ही तुळसाची’ म्हनून घालतो मी. विचार सुनेले.”

सून दारात उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाली, हो, मीही तसंच म्हणते, सासूबाईंनीच सांगितलंय. मग तुळसाबाईंकडे बघून ओशाळून हसली. म्हणाली, म्हणजे ती तुळसा ह्या मामी होय? मी तर इतकी वर्षं ती पहिली कुरडई अंगणातल्या तुळशीपाशी नेऊन ठेवते.

आम्ही हसलो, पण त्या दोघी हसल्या नाहीत. त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. तीस वर्षं दर उन्हाळ्यात एक अमरावतीत म्हणत होती, ही वच्छलाची. दुसरी दर्यापूरच्या पुढे म्हणत होती, ही तुळसाची. आणि दोघींनाही एकमेकींचं ठाऊक नव्हतं. तुळसाबाईंनी हात पुढे करून वच्छलाबाईंच्या गालावर ठेवला. वच्छलाबाई म्हणाल्या, येडी आहेस. आणि मग त्या अशा मोठ्यानं रडायला लागल्या की शेजारची बाई कुंपणावरून वाकून विचारायला लागली, कोण गेलं म्हणून.

डोळे पुसून झाल्यावर भांडण सुरू झालं. हे तुह्यं, नाही हे तुह्यं. एवढी वर्षं दोघींनी दुसरीला दिलेलं मोठेपण आता कोणी परत घ्यायला तयार नव्हती. मी मधे पडले. म्हटलं, जरा थांबा, मला सुरुवातीपासून सांगा. कोणत्या साली काय झालं, कोण कुठे बसलं होतं. तासभर खोदखोदून विचारलं तेव्हा कुठे उलगडा झाला.

तुळसाबाई नव्या नवरी होत्या तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात सासूनं त्यांना कुरड्यांवरचे कावळे हाकायला बसवलं. भर उन्हात डोकं तापायला लागलं म्हणून त्यांनी बाजेच्या दोन्ही बाजूंना काठ्या रोवून लुगडं बांधलं आणि त्याच्या सावलीत बसल्या. स्वतःच्या डोक्यासाठी. कुरड्यांचा काही संबंध नाही, अर्धी बाज आपोआप सावलीत आली एवढंच. डबे भरताना वच्छलाबाईंच्या लक्षात आलं की त्या अर्ध्या बाजेवरच्या कुरड्या फुटल्या नाहीत. त्यांना वाटलं वहिनी माहेरून काही विद्या घेऊन आली. पुढच्या वर्षी त्यांनी मुद्दाम साऱ्या बाजेवर लुगडं ताणलं. तुळसाबाईंनी ते पाहिलं आणि त्यांना वाटलं, सासरी कुरड्या अशाच करतात. म्हणून त्या शिकल्या.

एकीनं केलं ते तिला कळलं नाही. दुसरीला कळलं ते पहिलीनं केलं म्हणून. मी वहीत हे लिहिलं आणि मला इतका आनंद झाला की विचारू नका. प्रबंधाच्या सगळ्या पानांत मिळून झाला नव्हता एवढा. परतीच्या गाडीत तुळसाबाई गप्प गप्प होत्या आणि मधेच एकट्याच हसायच्या.

सोमवारी मी मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणतील हा काय घोळ, एक नाव ठरव. त्यांनी माझी वही दोनदा वाचली. मग पट्टी लावून, सुवाच्य अक्षरात, स्वतःच्या हातानं चौदावी ओळ लिहिली.

‘१४. अढाऊ, वच्छलाबाई आणि गावंडे, तुळसाबाई : परस्परांकडून, सुमारे १९६३. प्रत्यक्ष कथन, २० मार्च १९९४.’

“अ आधी येतो म्हणून वच्छलाबाई आधी,” त्या म्हणाल्या. “तुळसाबाईंना सांग, त्यात मानपानाचा काही भाग नाही.”

तुळसाबाईंना मी ती ओळ वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, नंद मोठीच असते, बरोबर लिहिलं मॅडमनं. पंचवीस तारखेला मॅडमनी सही केली आणि प्रबंध गेला.

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक नागपूरहून आले होते, डॉ. टेंभेकर. अन्नशास्त्रातले मोठे गृहस्थ, आडव्या अंगाचे, कमी बोलणारे. त्यांनी प्रबंध उघडला तो थेट मागून. चौदाव्या ओळीवर बोट ठेवलं आणि परस्परांकडून म्हणजे काय ते विचारलं. मी मॅडमकडे बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मग मी सगळं सांगितलं, काठ्या रोवल्या तिथपासून. त्यांचं पोट हलायला लागलं. मग ते गंभीर झाले.

“छान आहे. पण ह्यात तुमचं काय?”

ह्याच प्रश्नाची भीती मला फेब्रुवारीपासून वाटत होती. गंमत म्हणजे त्या क्षणी अजिबात वाटली नाही.

“मोजणं, सर,” मी म्हणाले. “तीस वर्षांत दोघींपैकी कोणी मोजल्या नव्हत्या. मी शंभर आणि शंभर मोजल्या. एकतीस आणि सहा.”

ते सातवा तक्ता काढून शांतपणे वाचायला लागले. तेवढ्यात तुळसाबाई चहा घेऊन आल्या. मॅडम म्हणाल्या, सर, ह्याच त्या चौदा नंबरच्या तुळसाबाई. आणि ते आडव्या अंगाचे गृहस्थ खुर्चीतून उठून उभे राहिले. तुळसाबाई गडबडून ट्रेसकट दोन पावलं मागे सरकल्या.

“बाई, तुम्हीच सांगा,” टेंभेकर सर म्हणाले. “हिला पास करायचं का?”

तुळसाबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता कौतुक करतील, पोरगी गुणाची आहे म्हणतील, मी तर डोळ्यांत पाणी आणायच्या तयारीतच होते.

“करा पास,” त्या म्हणाल्या. “मोजते चांगली. पन चीक घोटता येत नाही तिले अजून, गाठी राह्यतात. खरं ते लिहा साहेब.”

मॅडम हसल्या. अख्ख्या दोन वर्षांत मी त्यांना मोठ्यानं हसताना पाहिलं ते तेव्हा. मला पहिला वर्ग मिळाला, आणि जूनमध्ये नोकरीही मिळाली. टेंभेकर सरांच्या अहवालाची प्रत माझ्याकडे आहे. त्यात प्रबंधाविषयी बरंच चांगलं लिहिलेलं आहे, आणि शेवटची ओळ अशी आहे : ‘विद्यार्थिनीने चीक घोटण्याचा अधिक सराव करावा. हे माझे मत नसून श्रीमती तुळसाबाई गावंडे यांचे आहे.’